मशीनवाल्या शमीम मॅडम

परवा वसमतच्या बाजारात मेथीची जुडी उलटीपालटी करून बघत होते, तर मागून कोणीतरी माझा पदर ओढला. वळून बघते तर एक म्हातारी, सोबत पोटुशी सून.

"ओ बाई, तुमीच ना त्या मशीनवाल्या मॅडमकडं बसत होत्या? कुठं गेल्या हो मॅडम?"

म्हटलं, लेकीकडं गेल्या हैदराबादला, सेंटर बंद झालं. म्हातारीनं तोंड असं पाडलं, जसं काही मीच मॅडमला गाडीत बसवून हाकलून दिलं. मी तिला दुसरी दोन ठिकाणं सांगितली. जाता जाता ती पुटपुटली, "तिथं काय, नुसतं मशीन फिरवतेत अन् कागद देतेत." मला तिचा राग आला आणि मग बरंही वाटलं. घरी येऊन मेथी निवडत बसले, पण डोक्यातून मॅडम काही हलेनात. म्हटलं, लिहूनच काढावं.

मी सुमन. शमीम मॅडमच्या सोनोग्राफी सेंटरमध्ये अकरा वर्षं टेबलावर बसले. पोटुशी बाई आली की तिचा सरकारी फॉर्म भरायचा, ओळखपत्राची झेरॉक्स जोडायची, सही नाहीतर अंगठा घ्यायचा आणि नंबर आला की आत सोडायचं. माझं अक्षर चांगलं आणि तोंड वाईट. मॅडमला दोन्हीचा उपयोग होता. त्यांचं स्वतःचं अक्षर कागदावरून मुंग्या चालत गेल्यासारखं, आणि तोंड असं गोड की बाहेर मी ज्यांना झापलेलं असायचं तीच माणसं आतून हसत बाहेर यायची. मी वाईट ठरायचे. ठरू दे, रांग तर सरळ राहायची.

मॅडम ठेंगण्या, अंगानं भरलेल्या, जाड भिंगाचा चष्मा. मशीनच्या खोलीत एसी लागतो, म्हणून बाहेर मे महिन्यात वसमत भाजून निघत असलं तरी या आत तपकिरी स्वेटर घालून बसलेल्या. दुपारी तशाच बाहेर आल्या की लोक बघतच राहायचे. एका बाप्यानं तर मला हळूच विचारलं, "मॅडमला थंडीताप आलाय का?"

माहेर हिंगोलीचं. वडील उर्दू शाळेत मास्तर होते, आणि ते मास्तरपण लेकीच्या अंगात पुरतं उतरलेलं. तपासून झालं की बाईला नुसती जाऊ द्यायच्या नाहीत. फाईलच्या पाठीमागं निळ्या पेनानं चित्र काढायच्या. हे डोकं, हा मणका, हे काळीज. "काळीज म्हणजे चार खोल्यांचं घर बघ बेटा. मधी भिंत. वरच्या खोलीतून खालच्या खोलीत जायला दार. वरून दोन मोठ्या नळ्या निघतात." सगळं सांगून झालं की पेन तिच्या हातात द्यायच्या. "आता तू सांग मला, मी काय सांगितलं ते." झालं! ज्या बाईनं दहा वर्षांत पेन धरलेला नसायचा ती लाजून लाल. मग हळूहळू सांगायला लागायची. चुकली तर मॅडम पुन्हा पहिल्यापासून. बाहेर तीस बायका ताटकळलेल्या, मी दारावर टकटक करून राहिले, आणि आत शाळा भरलेली.

त्यांचा दुसरा नेम असा, की पोटातलं जे काही असेल ते आधी त्या बाईला सांगायचं. नवऱ्याला मग, सासूला त्याच्यानंतर. "पेशंट ती आहे," म्हणायच्या. सासवांना हे अजिबात पटायचं नाही. एक तर मला म्हणाली, "नात माझी, सून माझी, अन् मलाच बाहेर बसवता व्हय?" नात म्हणजे बोलण्याच्या ओघात हो, मुलगा की मुलगी हे तर मॅडमच्या भिंतीलासुद्धा कळायचं नाही. भिंतीवर त्या कायद्याचा बोर्डच होता. तरी लोक काय काय युक्त्या करायचे! एक आजी पिशवीत दोन अंगडी घेऊन आली, एक निळं, एक गुलाबी. मॅडमपुढं दोन्ही धरून म्हणते, "यातलं कोणतं धुऊन ठेवू तेवढं सांगा." मॅडम चष्मा पुसत म्हणाल्या, "दोन्ही धुवा आजी. कोणीबी आलं तरी पहिल्या दिवसापासून घाणच करणार आहे." आजी स्वतःच खदखदून हसली.

कुरुंद्याकडच्या बायका हळद काढायच्या दिवसांत यायच्या तर बोटं, नखं, टाचा, सगळं पिवळं. मॅडम हटकून चिडवायच्या, "लग्नाला किती वर्षं झाली, अजून हळद उतरली न्हाई का?" बाई हसली की पोट सैल पडतं आणि बाळ नीट दिसतं, असं त्या मला सांगायच्या. खरं की खोटं देव जाणे, पण बाई हसायची एवढं खरं.

आता सिद्धेश्वरच्या बाईचं सांगते. धरणावर मासे धरणारं घर. पाचव्या महिन्याची तपासणी, आणि बाळाचा वरचा ओठ फाटलेला दिसला. मॅडमनी आधी तिला सांगितलं, चित्र काढून दाखवलं, मग घरच्यांना आत घेतलं. सासूनं ऐकलं आणि तिथंच सुरू झाली. "म्हनलं होतं मी! गिराण लागलं तवा गप पडून ऱ्हा म्हनलं होतं. पर हिनं गिराणात मासा चिरला. कापलं न्हाई का लेकराचं तोंड!" सून भिंतीकडं तोंड करून रडायला लागली. नवरा खाली मान घालून उभा.

मॅडमच्या खोलीत चपला बाहेर काढूनच जावं लागायचं. मॅडमनी त्या नवऱ्याच्या पायाकडं बघितलं, आणि अगदी साधेपणानं सासूला विचारलं, "मावशी, हा पोटात होता तेव्हा ग्रहण लागलं होतं का?"

"लागलं व्हतं की! दोनदा लागलं. पर मी हालले न्हाई. पानीसुद्धा पेले न्हाई."

"मग याच्या पायाला सहा बोटं कशी?"

सासूनं लेकाच्या पायाकडं असं बघितलं, जसं आजच पहिल्यांदा दिसून राहिलंय. लेकानं बिचाऱ्यानं एक पाय दुसऱ्या पायावर ठेवून झाकायला बघितला. मला हसू आवरेना, मी फायली चाळण्याचं सोंग केलं. पण मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी म्हातारीला स्टूल दिलं, बसवलं आणि म्हणाल्या, "तुमी काय वाईट केलं होतं? काही न्हाई. हिनंबी न्हाई केलं. होतं असं कधी कधी. ओठ शिवता येतो, काही महिन्यांचं झालं की ऑपरेशन करतात. तोवर दूध कसं पाजायचं ते शिकून घ्यावं लागेल. ते हिच्याहून आधी तुमी शिका, तुमचा हात बसलेला आहे." भांडायला उठलेली म्हातारी वाटी-चमच्यानं दूध पाजायचं कसं, ते विचारायला लागली. मला आजही वाटतं, मी असते तर सहा बोटांवरच थांबले असते. तिचं तोंड बंद झालं की माझं काम झालं असतं.

सगळं असं शिवून नीट होणारं नसतं. रोज साखर वाटावी असं काम नव्हतं ते. एक कोवळी पोरगी आली होती, शेतकऱ्याच्या घरची, पहिलटकरीण. बाळाच्या डोक्याला वरची कवटीच नव्हती. अशी बाळं जगत नाहीत. मॅडमची एक पद्धत होती, वाईट बातमी अंधारात आणि आडवं झोपलेल्या बाईला कधी सांगायची नाही. आधी दिवा लावायच्या, तिला उठू द्यायच्या, साडी नीट करू द्यायच्या, पाणी द्यायच्या, आणि मग तिच्यासमोर खुर्चीवर बसून सांगायच्या. त्या दिवशी दार उघडं राहिलं होतं म्हणून मला ऐकू आलं. ती पोरगी एवढंच म्हणाली, "पर ते हालून राहिलंय की मॅडम."

मॅडम म्हणाल्या, "हां बेटा. हालतंय. ते तुझ्या जिवावर हालतंय."

तासभर त्या तिच्याजवळ बसून होत्या. बाहेर लोकांनी आवाज चढवला, एकजण मशीन बिघडलंय का म्हणून ओरडायला लागला. तेव्हा मॅडम बाहेर आल्या, हात जोडले आणि म्हणाल्या, "आज वेळ लागणार. ज्यांना घाई आहे त्यांनी उद्या या." मग आत जाऊन दार लावलं. एकही माणूस उठला नाही.

लोकांना मॅडमचा राग यायचा तो वेगळ्याच गोष्टीचा. बाळ पालथं असलं, पाठ वर करून झोपलेलं असलं, की मणक्याची आणि बरगड्यांची सावली पडते आणि काळीज धड दिसत नाही. मॅडम तसं सरळ लिहायच्या. काळीज नीट दिसलं नाही, पंधरा दिवसांनी परत या. झालं, लोकांचं डोकं फिरायचं. शेतातली कामं टाकून, जीप करून आलेली माणसं. "मशीन जुनं आहे हिचं," असं म्हणत जायचे. मीसुद्धा एकदा म्हटलं, "मॅडम, सगळे लिहितेत तसं लिहून टाका ना, काळीज ठीक." तेव्हा त्या पहिल्यांदा माझ्यावर चिडल्या. "मी बघितलं न्हाई ते ठीक कसं लिहू सुमनबाई? तुमी बघितलं का?"

आणि इथंच ते घडलं, जे सांगायला मी एवढा वेळ इकडचं तिकडचं बोलत बसले.

रेणुका तिचं नाव. सासर कुरुंदा, माहेर पार तिकडं सेनगाव तालुक्यात साखरा. एकोणीस-वीस वर्षांची, बारीक, बोलणं विचारलं तेवढंच. पाचव्या महिन्यात आली. बाळ पालथं. अर्धा तास वाट बघितली, तिला फिरवून आणलं, तरी बाळ हलेना. मॅडमनी चित्र काढून सांगितलं, पेन तिच्या हातात दिला, तिनं बरोबर सांगितलंसुद्धा. मग लिहून दिलं, पंधरा दिवसांनी परत या.

परत यायच्या बायकांना फोन करायचं काम माझं. एका वहीत नावं, आणि फोन झाला की पुढं टिक. रेणुकाच्या फॉर्मवर नंबर सासऱ्याचा होता, कारण तिच्याजवळ फोन नव्हता. पंधराव्या दिवशी मी लावला. सासरा म्हणाला, "बाई, ते आता पुढल्या महिन्यात माहेरी जाऊन राहिली बाळंतपणाला. तिकडंच करून घेतील." मी म्हटलं, "बरं. पण करा नक्की." आणि टिक केली.

आता आमच्याकडची रीत तुम्हाला ठाऊक आहे. पहिलं बाळंतपण माहेरी. सासरच्यांना वाटलं माहेरचे करतील. माहेरच्यांना वाटलं पाचव्या महिन्याचं मशीन तर सासरच्यांनी केलं, फाईल आहे की सोबत. दोन्हीकडची माणसं चांगली, दोन्हीकडं पोरीचं कौतुक, आणि मधल्या मधे ते राहून गेलं. मुलगा झाला. जन्मला तेव्हा चांगला रडला, आणि संध्याकाळपर्यंत निळा पडत गेला. नांदेडला नेईपर्यंत फार उशीर झाला होता. काळजातून निघणाऱ्या दोन्ही मोठ्या नळ्या उलट्या जोडलेल्या होत्या. आधी कळलं असतं तर बाळंतपणच मोठ्या शहरात ठेवता आलं असतं, पहिल्या दोन आठवड्यांत ऑपरेशन होतं, आणि बरीच लेकरं त्यातून जगतात. तीन दिवसांचं होऊन गेलं ते.

नांदेडच्या डॉक्टरांनी मॅडमला फोन करून सांगितलं. मॅडमनी वही मागितली. माझ्या सुरेख अक्षरात रेणुकाचं नाव आणि पुढं टिक.

"कोण बोललं होतं फोनवर?"

"सासरा."

"रेणुका?"

मी नुसती नाही म्हणून मान हलवली. मॅडमनी शिव्या दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं, खरं सांगते. त्यांनी वही मिटून परत दिली आणि पुढचा पेशंट बोलवायला सांगितला.

आठवड्यानं सासरा, नवरा आणि गावची चार-पाच माणसं आली. मी टेबलाच्या मागं उभी. सासरा ओरडायला लागला, काय बघितलं तुमी मशीनमधी म्हणून. मॅडम स्वेटर घालूनच बाहेर आल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, "चूक माझी आहे. मी परत बोलावलं, पण ती आली का न्हाई ते बघितलं न्हाई. ते बघायला पाहिजे होतं."

सासऱ्याचा आवाज एकदम बसला. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि मी त्याच्याकडं. त्या फोनवर कोण काय बोललं हे आम्हा दोघांना ठाऊक होतं. तो खाली बाकावर बसला, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि थोड्या वेळानं उठून गेला. माझं नाव मॅडमनी घेतलं नाही, आणि मी स्वतःहून घेतलं नाही. एवढी तोंडाळ बाई मी, पण त्या दिवशी माझ्या तोंडाला कुलूप.

दुसऱ्या दिवसापासून नियम बदलला. फॉर्मवर सासरचा नंबर, माहेरचा नंबर, गावच्या आशाताईचा नंबर. परत यायचं असेल तर बोलायचं त्या बाईशीच. ती घरात नसेल, रानात असेल, पाणी भरत असेल, तरी थांबायचं, नाहीतर पुन्हा लावायचा. तिचा स्वतःचा आवाज ऐकल्याशिवाय टिक नाही. सासरे-दीर वैतागायचे, "सांगतो ना आमी तिला." मी म्हणायचे, "तुमी न्हाई. ती. द्या फोन तिला." या कामाला मात्र माझं तोंड बराबर कामी आलं.

मॅडमचा उजवा खांदा तोवर धरायला लागला होता. इतकी वर्षं तोच हात अधांतरी धरून पोटावर फिरवायचा, दुसरं काय होणार! शेवटच्या वर्षी तर मी शेजारी उभी राहून त्यांचा कोपर खालून उचलून धरायचे, तेव्हा त्यांना तपासता यायचं. लेक हैदराबादहून रोज भांडायची. शेवटी मॅडमनी ठरवलं, बंद करायचं. सेंटर बंद करताना सरकारी माणसं येऊन मशीनला सील लावतात, त्यासाठी अर्ज करावा लागतो. अर्ज मी लिहीत होते तेव्हाच फोन वाजला.

"मी रेणुका. कुरुंद्याची. हा नंबर माझाच हाय. पाचवा लागलाय मला. मॅडम हाएत का?"

अर्जावर माझा पेन ओढला गेला. तीन वर्षं झाली होती मधे. मॅडमनी माझ्या हातातून फोन घेतला, आठवडे विचारले, बोटांवर मोजले, आणि मला म्हणाल्या, "सुमनबाई, अर्जावरची तारीख पुढची टाका."

ती आली आईला घेऊन. नवऱ्याला बाहेर गाडीपाशी थांबवलं होतं. आई मला सांगत होती, घरचे नांदेडच्या मोठ्या सेंटरला चला म्हणत होते, हिनं ऐकलं नाही. मी रेणुकाला विचारलं, "काहून गं? इथंच काहून आली?"

ती म्हणाली, "इथं दिसलं न्हाई तर दिसलं न्हाई म्हनतेत."

आणि नशीब बघा! बाळ पुन्हा पालथं. सकाळी दहाला झोपवलं, पाठच दिसली. मॅडमच्या कपाळावर त्या गार खोलीत घाम आला. तिला म्हणाल्या, चालून ये. मग डाव्या कुशीवर झोपवलं, पाणी पाजलं, पुन्हा चालायला लावलं. ती अंगणात चालायची, मागं आई चालायची, आणि खिडकीतून मॅडम बघायच्या. जेवण कोणाला गेलं नाही. मधले सगळे पेशंट झाले, आणि प्रत्येकाच्या नंतर रेणुका आत. पुन्हा पाठ. मी देवाला म्हटलं, एवढ्या एका लेकराला कुशीवर वळव, मी आयुष्यात पुन्हा कोणावर ओरडणार नाही. तेवढं काही मला जमलं नाही, पण त्या वेळी मनापासून म्हटलं होतं.

तीनच्या सुमाराला बाळ वळलं.

मी मॅडमचा कोपर दोन्ही हातांनी धरलेला. काळीज दिसलं. चार खोल्या, भिंत, दारं. मग नळ्या. एकदा बघितल्या, पुन्हा बघितल्या, तिसऱ्यांदा. एक नळी दुसरीवरून आडवी गेलेली, जशी जायला पाहिजे तशी. त्यांनी पडदा रेणुकाकडं फिरवला आणि बोट ठेवून सगळं दाखवलं. "सगळं जागच्या जागी आहे बेटा. तरी मी एकटी म्हणते म्हणून मानू नको. नांदेडला काळजाच्या डॉक्टरला दाखव, मी चिठ्ठी देते." पुढं नांदेडलाही तेच सांगितलं आणि रेणुकाला पोरगी सुखरूप झाली, हे सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव टांगणीला नको. पण मला सांगायचंय ते त्या खोलीतलं.

रेणुका पडद्याकडं बघत होती. हसली नाही, रडली नाही. मग म्हणाली, "मॅडम, त्याचंबी असं दिसलं असतं का?"

कोणाचं, ते विचारायची गरज नव्हती. मॅडमनी चष्मा काढला. मला वाटलं, आता काहीतरी गोड बोलतील, बाळ पालथं होतं, सांगता येत नाही, असं काहीतरी. मी असते तर तेच बोलले असते.

"खोल्या अशाच दिसल्या असत्या," मॅडम म्हणाल्या. "नळ्या उलट्या दिसल्या असत्या. पण मी नळ्या बघतेच. दिसलं असतं बेटा."

मला राहवलं नाही. मी म्हटलं, "रेणुका, फोन मी केला होता गं. तुझ्या सासऱ्याशी बोलले आणि टिक करून मोकळी झाले. मॅडमची चूक न्हाई, माझी आहे. तुला बोलवून घेतलं असतं तर..."

"ठाऊक हाय मला," ती म्हणाली.

आम्ही दोघी तिच्याकडं बघत राहिलो.

"मी तिथंच होते. चुलीपाशी. मामाजीला कमी ऐकू येतं, फोन मोठ्या आवाजात राहतो. तुमी म्हनलात, काळीज दिसलं न्हाई, परत आणा. मामाजी म्हनले, माहेरी करतील. मला वाटलं, बोलावं. मॅडमनं मलाच सांगितलं होतं ना सगळं, माझ्याकडून म्हनून बी घेतलं होतं. पर ते बोलून राहिले तर मधी कसं बोलावं? नवी होते मी घरात. तव्यावर भाकर होती, ती पालटली. तेवढ्यात फोन ठेवला त्यांनी. माहेरी गेले तवा बी वाटलं, आईला सांगावं. पर सगळे म्हनले, झालंय मशीन. मंग मला बी वाटलं, झालंच असंल."

तीन वर्षं हे तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्याला नाही, बाहेर बसलेल्या आईला नाही.

मॅडमच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. अकरा वर्षांत मी ते कधी बघितलं नव्हतं, कवटी नसलेल्या बाळाच्या दिवशीसुद्धा नाही. त्या म्हणाल्या, "तू वीस वर्षांची पोरगी होतीस. मी डॉक्टर आहे. ते तुझ्या डोक्यावर ठेवू नको, मला देऊन टाक."

रेणुकानं मान हलवली. "न्हाई देत. माझं लेकरू व्हतं ते. माझ्याजवळ राहू द्या थोडं."

मग ती उठून बसली. मॅडमचा उजवा हात तसाच मांडीवर पडलेला, बोटांना पोटावर लावायची जेली लागलेली, खांदा दुखत असल्यानं त्यांना तो उचलताही येत नव्हता. रेणुकानं आपल्या साडीचा पदर घेतला आणि एकेक बोट धरून पुसायला लागली.

"अगं, तुझ्या पोटावरचं पूस आधी, गार लागंल," मॅडम म्हणाल्या.

"लागू द्या," ती म्हणाली, आणि पाचही बोटं पुसून झाल्याशिवाय तिनं हात सोडला नाही.